मुकादमाचा कान

कामासाठी पाइप-फळ्यांची परांची बांधणाऱ्यांच्या त्या टोळीत एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळायचे. परांची कितीही उंच असो, तिच्यावर पहिलं पाऊल मुकादमाचं. त्याने सर्वांत वरच्या फळीवर जाऊन उभं राहायचं आणि टाच आपटायची. टाचेचा आवाज खाली आला की रंगारी, गवंडी, वायरवाला, कोणीही खुशाल चढावं. ‘टाच पडली का?’ एवढंच काय ते विचारलं जाई. टाच पडल्यावर परांची ढासळली तर मुकादम जबाबदार. टाच न पडता कोणी वर गेला तर तो आणि त्याचं नशीब. हिशेब सरळ होता.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत या मुकादमाची टाच दणक्यात पडत असे. मग एका सकाळी त्याने अंथरुणात डाव्या कुशीवर वळायला घेतलं आणि त्याच्या आधी खोलीच वळली. कपाट भिंतीवरून घसरत निघालं, पंखा दाराकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याने गादीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. जन्मभर उंचावर काम केलेला माणूस जमिनीपासून वीतभर उंचीच्या गादीवरून पडायला घाबरतोय, हे त्याच्या बायकोला आधी विनोदी वाटलं. तिने हसून घेतलं. मग त्याला उलटी झाली, ती तिला पुसावी लागली, आणि विनोद तिथे संपला.

डॉक्टरने त्याचं डोकं धरून इकडे-तिकडे फिरवलं, डोळ्यांत पाहिलं, डाव्या कानाशी काहीतरी वाजवलं, उजव्या कानाशी वाजवलं.

“कानाच्या आतली गडबड आहे,” तो म्हणाला. “शरीराचा तोल तिथून सांभाळला जातो. शिवाय डाव्या कानाने ऐकायलाही कमी येतंय. काम काय करता?”

“बांधकामावर असतो.”

“उंचावर नाही ना चढायचं?”

“छे, छे,” मुकादम म्हणाला.

डॉक्टरने मानेचे व्यायाम दिले. ते त्याने केले, आणि चक्कर खरोखरच कमी झाली. येऊन-जाऊन राहू लागली. भीतीने मात्र त्याच्याकडे संसार थाटला. घराच्या जिन्यावरून तो कठड्याला पाठ करून, भिंत चाचपत उतरू लागला. वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीत जाईना. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मान वर करायच्या आधी तो ओट्याची कड धरी, एखाद्या होडीत उभा असल्यासारखा.

आजारपणानंतरच्या पहिल्या कामावर त्याने शिडीच्या पायरीवर पाय ठेवला मात्र, जमीन डावीकडे सरकली. त्याने समोरचा उभा पाइप कवटाळला. हातातला पाना पाइपावर आपटून टण्ण वाजला. त्याने डोळे मिटले, गार लोखंडाला कान आणि गाल टेकवले आणि पोटातलं पोटातच राहावं म्हणून तसाच उभा राहिला.

मागे कुजबुज झाली.

“शू! मुकादम ऐकतायत.”

“काय ऐकतायत?”

“अरे, पाइपाचा आवाज. कुठे ढिलं असलं की वेगळा वाजतो. जुन्या लोकांना कळतं ते.”

हे बोलणारा गवंडी होता. परांचीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. पण मुकादमाने डोळे उघडले तेव्हा सगळी टोळी त्याच्याकडे आदराने पाहत होती, आणि फुकट मिळालेला आदर परत करायला कोण जातं?

“ठीक आहे,” मुकादम म्हणाला. “चढा.”

त्या दिवसापासून टाच बंद झाली आणि कान सुरू झाला. मुकादम खाली उभा राही, पाइपावर पाना मारी, कान लावी, भुवया आवळी. एकेकदा उगाच मान हलवून ‘अंहं, पुन्हा एकदा’ म्हणे. सवयीने तो डावा कान लावायचा, जो कमी ऐकायचा. वर बघणं तर त्याला शक्यच नव्हतं; नुसती मान मागे केली तरी आकाश गरगरायचं. त्यामुळे वर काय चाललंय ते तो वर बघणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखू लागला. तेवढी एक विद्या मात्र त्याला खरोखर साधली.

“सगळी दुनिया तुमच्या कानाचे गोडवे गाते,” बायको म्हणायची, “आणि मी दार बडवून बडवून हात लाल करते ते ऐकायला येत नाही.”

तिला सगळं ठाऊक होतं, पण ती कुठे बोलली नव्हती. त्यात प्रेम होतंच असं नाही. नवऱ्याचं बिंग फुटलं तर मुकादमी जाणार कोणाकडे? तिच्या धाकट्या भावाकडे. मग ‘मुकादमीणबाई’ म्हणून लोक हाक मारणार कोणाला? भावाच्या बायकोला. त्या बाईला तो मान मिळालेला बघण्यापेक्षा नवऱ्याचं खोटं सांभाळणं तिला स्वस्त पडत होतं.

हा मेहुणा टोळीतच होता. मुकादमानेच त्याला हाताला धरून कामाला लावलं होतं, आणि हे तो माफ करायला तयार नव्हता. खारीसारखा चढायचा, एका हाताने पाइप जोडणारा क्लॅम्प आवळायचा, शीळ घालायचा. खाली कान लावून उभ्या असलेल्या मुकादमाकडे बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“दाजींना वर बोलावू नका रे,” तो वरून ओरडायचा. “त्यांचा कान जमिनीवरच चालतो!”

“तुझं तोंड वर चालतं तेवढं पुरे आहे,” मुकादम खालून म्हणायचा.

“दाजी, पाइप आज काय म्हणतोय? तब्येत बरी आहे ना त्याची?”

“तुझी आठवण काढतोय. म्हणतोय, हा बाबा बडबड कमी करेल तर मी सरळ उभा राहीन.”

टोळी हसायची. त्या दोघांना मात्र हसू येत नसे. मेहुण्याला संशय होता, पण पुरावा नव्हता. कानाने पास केलेली एकही परांची कधी हलली नव्हती. हे कसं, याचा मुकादमालाही अचंबाच वाटे. आपल्या हाताखालची माणसं नेटकं काम करतात, असं समाधान त्याने करून घेतलं होतं.

मग पाण्याच्या टाकीचं काम आलं. गोल, उंच, जाड खांबांवर उभी असलेली टाकी; तिला बाहेरून रंग द्यायचा होता. परांची मेहुण्याने बांधली. ती तयार झाली त्या सकाळी ठेकेदार स्वतः आला. गृहस्थ सदा घाईत असायचा. रंगाऱ्याने बादली कमरेला अडकवली, ब्रश दातांत धरला. मुकादम पुढे झाला. पाना मारला, कान लावला, भुवया आवळल्या. पाइपातून त्याला जे नेहमी ऐकायला यायचं तेच आलं, म्हणजे काहीच नाही.

“चालेल,” तो म्हणाला.

“नक्की ना, दाजी?” मेहुणा मागून म्हणाला. आवाजात साखर होती. “पुन्हा एकदा ऐकता का? टाकी उंच आहे.”

“एकदा ऐकलं ना.”

“मग ठेकेदारसाहेब, मी एकदा वर जाऊन बघून येतो. आपली मनाची शांती.”

“काही गरज नाही,” ठेकेदार घड्याळ बघत म्हणाला. “मुकादमाने ऐकलंय. तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का? चल रे रंगारी, चढ. आधीच उशीर झालाय.”

“अहो, पण दोनच मिनिटं...”

“बांधताना झोपला होतास का? तूच बांधलीस ना?”

रंगाऱ्याने शिडी धरली आणि बादली ठणठणवत चढू लागला.

मुकादम वर बघू शकत नव्हता, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे तोंडं बघितली. ठेकेदाराच्या तोंडावर घाई होती. टोळीच्या तोंडावर काहीच नव्हतं. मेहुण्याचं तोंड मात्र पांढरं पडत चाललं होतं. सगळ्यांच्या नजरा रंगाऱ्याबरोबर हळूहळू वर सरकत होत्या. मेहुण्याची एकट्याची आधीच वर पोचून एका जागी खिळली होती, टाकी मागे वळते त्या बाजूला, अगदी शेवटच्या टप्प्याच्या कोपऱ्यावर.

मुकादमाला सगळं एका दमात कळलं. गड्याने वरचा क्लॅम्प मुद्दाम ढिला ठेवलाय. मी ‘चालेल’ म्हणणार, मग हा वर जाऊन सगळ्यांदेखत तो ‘सापडवणार’, आणि माझा कान कापून माझ्या हातात देणार. फक्त ठेकेदाराच्या घाईने त्याचा डाव नासवला होता. आता बोलावं तर ‘मी ढिला ठेवला’ असं कबूल करावं लागणार, आणि न बोलावं तर रंगारी वर चाललाच आहे.

आणि हा बोलत नाहीये, मुकादमाच्या मनात आलं. माझ्यावरच्या रागापायी हा एका माणसाला मरू देईल, पण बोलणार नाही. हेही त्याला तेव्हाच सुचलं की आपणही आत्तापर्यंत दुसरं काय करत होतो.

“उतर!” तो ओरडला. “रंगारी, खाली उतर! आहे तिथून उतर!”

रंगारी ब्रश दातांत धरूनच थबकला.

“काय झालं?” ठेकेदार म्हणाला.

“वर एक क्लॅम्प ढिला आहे. मागच्या बाजूला. शेवटचा टप्पा, कोपऱ्यावर.”

“आत्ता कळलं?”

मुकादमाने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याच्या कपाळावर घाम फुटला होता आणि तोंड उघडं राहिलं होतं.

“तो चढायला लागला,” मुकादम म्हणाला, “तसा आवाज बदलला.”

मेहुण्याला वर पाठवलं. बराच वेळ तो दिसेना. मग वरून त्याचा आवाज आला, अगदी वेगळा, शीळ नाही, साखर नाही: “आहे. ढिला आहे. आवळतो.”

ठेकेदाराने मुकादमाच्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: यापुढे त्याच्या सगळ्या कामांवरच्या परांच्या, शाळेच्या सभागृहातली, दवाखान्याच्या भिंतीची, सगळ्या, मुकादमाच्या कानानेच पास होतील. वर चढून तपासण्यात जाणारा वेळ वाचेल. रंगारी तर मुकादमाचा हात सोडायलाच तयार नव्हता. “तुम्ही होतात म्हणून,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी मुकादम मोकळ्या हाताने जवळचा पाइप आणखी घट्ट धरत गेला.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. चप्पल दाराबाहेर सरळ लावून आला. असं त्याने कधी केलं नव्हतं. खुर्चीच्या कडेला बसला. बहिणीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि कान टवकारून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“दाजी,” तो म्हणाला, “तो क्लॅम्प मीच ढिला ठेवला होता.”

“माहीत आहे.”

“तेच म्हणतोय मी. तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाही.” त्याने मान खाली घातली. “मला वाटायचं तुम्ही थापा मारता. सगळ्या टोळीत मी एकटाच होतो बघा न मानणारा. रोज सकाळी तुमच्या सगळ्यांच्या आधी येऊन अख्ख्या परांचीवर फिरायचो. एकेक क्लॅम्प ओढून बघायचो, एकेक फळी हलवून बघायचो. एखादा धडधडीत ढिला मिळू दे, म्हणजे दाजींच्या तोंडावर मारतो.”

मुकादमाने मान वर केली. “मिळाले?”

“मिळाले की. कधी एक, कधी तीन-चार. पोरं घाईत बांधतात. पण मला वाटायचं, असले बारीकसारीक काय दाखवायचे, मोठा सापडू दे. आवळून टाकायचो झालं. वर काम करायला मलाच जायचं असायचं ना.”

“आणि आता?”

“आता कशाला? आता कान आहे ना तुमचा. तुम्ही चालेल म्हणालात की मी डोळे मिटून चढणार.”

म्हणजे इतके दिवस कोणी पडलं नाही, ते याच्या खुनशीपणामुळे. मुकादमाला घाम फुटला. या माणसाचा द्वेष हाच त्या परांच्यांचा खरा आधार होता, आणि आज सकाळी आपणच तो काढून टाकला. टोळीत आता संशय घेणारा एकही माणूस उरला नाही.

“हे बघ,” तो म्हणाला. “मला काही ऐकायला येत नाही. पाइपाचं नाही, कशाचंच नाही. डाव्या कानाने तर तूसुद्धा अर्धा ऐकायला येतोस. सकाळी मी तुझं तोंड बघितलं. तू पांढरा पडलास, त्यावरून कळलं.”

मेहुणा हसला. भक्तिभावाने हसला. “दाजी, मोठी माणसं अशीच बोलतात.”

“अरे, मला उंचीची भीती वाटते! चक्कर येते मला! विचार तुझ्या ताईला!”

“ताई?” मेहुण्याने दाराकडे पाहिलं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मनातल्या मनात भावजयीकडेही पाहिलं.

“ह्यांना आज दगदग झालीये,” ती म्हणाली. “तू जेवून जा.”

तो गेल्यावर मुकादम तिच्यावर भडकला. “बायका नवऱ्यासाठी खोटं बोलतात. तू नवऱ्याला खोटं पाडायला खोटं बोललीस!”

“तुम्ही घालवाल सगळं,” ती भांडी आपटत म्हणाली. “कोणी मेलंय का आजवर? नाही ना? मग गप्प बसा.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात काम होतं. छताला रंग द्यायचा, त्यासाठी आत उंच परांची. टोळी जमली होती, रंगारी बादली घेऊन तयार होता. मेहुणा नेहमीसारखा वर फिरत नव्हता. खाली पाइपाला टेकून, हाताची घडी घालून, दाजींच्या कानाची वाट बघत होता.

मुकादमाने पाना कमरेला खोचला आणि कान न लावता शिडी धरली.

“दाजी, कशाला त्रास घेता?”

“तू बोलू नकोस. बघ फक्त.”

पहिल्या पायऱ्या त्याने श्वास धरून काढल्या. जमीन डावीकडे सरकली, परत आली. पहिला टप्पा ओलांडला तेव्हा खिडक्या तिरक्या झाल्या. दुसऱ्या टप्प्याच्या फळीवर त्याने गुडघा ठेवला आणि चूक केली: खाली पाहिलं. सभागृह गोल फिरू लागलं, खुर्च्यांच्या रांगा एकमेकींच्या मागे धावू लागल्या, आणि खालची तोंडं, ज्यांवरून तो आजवर सगळं वाचत आला होता, ती नुसते पांढरे ठिपके झाली. त्याने उभा पाइप हातापायांनी आवळला. पाना सुटून खाली पडला, ठणठणत गेला. त्याच्या तोंडातून आवाज निघाला, तो लहान मुलाचा होता.

“दाजी नाटक छान करतात,” खालून मेहुणा कोणालातरी म्हणाला. “परीक्षा घेतायत आपली.”

मग मुकादमाला उलटी झाली. ती खालच्या फळीवर पडली, तिथून मेहुण्याच्या बुटावर. मेहुण्याने बुटाकडे पाहिलं. वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडावरची भक्ती थेंबाथेंबाने उतरत गेली.

“म्हणजे खरंच काही ऐकायला येत नाही?”

“नाही,” मुकादम डोळे मिटून म्हणाला.

“दवाखान्याच्या परांचीवर?”

“नाही.”

“त्या पुलाखालच्या? तिथे माझ्या बायकोचा भाऊ काम करत होता!”

“नाही रे, नाही!”

मग रंगाऱ्याने बादली जमिनीवर आपटली. रंग उडाला. “काल मी याचा हात धरला होता,” तो म्हणाला, आणि तोच हात पँटला पुसू लागला. गवंडी म्हणाला, “मला आधीच वाटलं होतं,” पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मेहुणा वर आला तो शिव्या देतच. तोंडातलं ‘दाजी’ गेलं होतं, ‘तुम्ही’ गेलं होतं. “सोड पाइप. सोड म्हणतो ना! डावा पाय खाली घे. डावा, गाढवा! इतकी माणसं चढवलीस ना बिनधास्त, आता तू उतर.” त्याने मुकादमाचा घोटा धरून एकेका पायरीवर ठेवला, जोरात, दुखेल असा. हात मात्र एकदाही सुटू दिला नाही. जमिनीवर पोचल्यावर त्याला खुर्चीत ढकलून दिलं आणि टोळीकडे वळला.

“या परांचीवर कोणी पाय ठेवायचा नाही. दवाखान्याच्यापण नाही. आधी मी बघणार.”

“ठेकेदाराला काय सांगायचं?” कोणीतरी विचारलं.

“सांगा, मुकादम मेला!”

त्याने पडलेला पाना उचलला, बूट पाइपाला घासून पुसला आणि चढला. मुकादम खुर्चीचे दांडे धरून, मान खाली घालून बसून राहिला. त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. कोणी पाणीही दिलं नाही. वरून मेहुण्याच्या शिव्या येत होत्या, त्याच्या नावाने, त्याच्या सात पिढ्यांच्या नावाने. पहिल्या टप्प्यावरून आल्या. मधे थांबल्या, पाना करकरला, ‘हाही ढिला, हरामखोरा, हाही!’ असं ऐकायला आलं. मग दुसऱ्या टप्प्यावरून आल्या. पुन्हा थांबल्या, पुन्हा करकर झाली. एकही कोपरा न सोडता, सावकाश, त्या वर वर सरकत चालल्या होत्या.